दुसऱ्यांदा आवळताना

हेड उतरवलं तेव्हा आतून
चमचाभर खारं पाणी निघालं,
जिथं फक्त आगीनं राहायचं, तिथं.
गॅस्केट एका जागी जळालेली,
नखाएवढीच. तेवढ्यावर
बुधवारी इंजिन भर खाडीत बसलं
आणि चांगुणा नाखवीण वल्ही मारत, हात सोलत
माहुलच्या जेटीला आली.

सहा बोल्ट. पाच सुटले.
सहावा मिठानं आपलासा केलेला.
त्याला रात्रभर डिझेल पाजलं,
सकाळी बत्तीची झळ दिली, हातोडीनं
गुदगुल्या केल्यासारखं ठोकलं.
पास्कोल म्हणायचा, ॲल्युमिनियमशी भांडू नये,
ते हरतं, आणि हरताना
अर्धा बोल्ट पोटात ठेवून घेतं.
साडेदहाला तो कुरकुरला.
मी चहा सांगितला.

मग खरवडणं. जुनी गॅस्केट
तव्याला धिरडं चिकटावं तशी.
पटाशी नको, ओरखडा पडतो,
पितळेची पट्टी घ्यायची आणि दम धरायचा.
मोडक्या टीपॉयची काच जमिनीवर टाकली,
वर पॉलिशपेपर, रॉकेलचे चार थेंब,
आणि हेड उपडं घालून
आठाच्या आकड्यात फिरवत राहिलो.
इंग्रजी आठाच्या.
मराठी आठानं हे काम होत नाही,
तो एकीकडून उघडा राहतो.
काळे डाग कडेला सरकले, मग गेलेच.
सपाट म्हणजे काय
हे मला शाळेत कुणी दाखवलं नव्हतं.

नवी गॅस्केट दारूखान्यातून आणली,
दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, वाकू न देता,
बसमध्ये मांडीवर धरून.
तिला तोंड असतं.
उलटी बसते, हेच वाईट:
बोल्टची भोकं जुळतात, कुणी काही बोलत नाही,
फक्त पाण्याची एक वाट बुजते.
पहिल्या वर्षी मी तशी बसवली होती.
पास्कोल ओरडला नाही.
त्यानं मला त्याच होडीत बसवून पाठवलं.
घारापुरीच्या अलीकडे इंजिननं वाफ सोडली
आणि आम्ही भरतीची वाट बघत
सहा तास एकमेकांकडे न बघता बसलो.
परतल्यावर त्यानं एवढंच विचारलं,
‘भोकं किती?’
अकरा. सहा बोल्टची, दोन आगीची, तीन पाण्याची.
अजून मोजतो, प्रत्येक वेळी, बोट ठेवून.

मधले आधी. मग समोरासमोर,
शेजारचा कधीच नाही.
एक फेरी बोटांनी, एक अर्ध्या जोरानं,
एक पान्याचा टक् ऐकू येईपर्यंत. मग थांबायचं.
टक्‌नंतर हात शिवशिवतात,
अजून जरासं, अजून जरासं.
त्या जराशानं कितीतरी इंजिनं गेली.

पलीकडे रिफायनरीची ज्योत, अलीकडे खाडी,
मध्ये आमची वस्ती, एका पदराची.
कधी रात्री वास सुटतो
तेव्हा वाटतं, कुठला तरी बोल्ट सैल आहे,
पण तो पाना आमच्याकडे नाही.

‘मना आजचे भरतीला जावाचा हाय.’
म्हटलं, उद्या. एकदा चालवायचं,
निवू द्यायचं, मग पुन्हा आवळायचं.
‘का रं? पयल्यांदा काय लटका आवळलास?’
मी सांगू लागलो: तापली की गॅस्केट चेपते,
बसते, जागा धरते…
तिनं जाळं होडीत टाकलं.
मी पाना पिशवीत टाकला
आणि मागोमाग चढलो.

मागून पाण्याची धार पडत होती,
लहान पोरानं कठड्यावरून सोडावी तशी.
चांगुणानं तिच्याखाली तळवा धरला.
‘कोमाट हाय.’
हे मला दिवसभरात कुणी बोललेलं सर्वांत चांगलं.

भर खाडीत इंजिन बंद केलं.
निवायला तास गेला.
तिनं भाकरी मोडली, सुके बोंबील दिले,
बुधवारच्या सालपटलेल्या हातांनी.
मग टॉर्च धरून ती मोठ्यानं मोजू लागली.
पाच हलले नाहीत.
सहावा, तो मिठाचा,
पाव फेरा सरकला आणि टक् म्हणाला.

‘बग,’ ती म्हणाली, ‘लटकाच व्हता.’